रिकामी फेरी

"टाय कशाला बांधताय, साहेब? खाली तुम्हाला बघणारं आहे कोण?"

"मला मी दिसतो ना, सबनीस," धुरंधरसाहेब म्हणाले. तंबूच्या खांबाला टांगलेल्या तळहाताएवढ्या आरशात त्यांनी टायची गाठ नीट केली आणि मग चहाचा मग उचलला.

आसामातली ती धावपट्टी तेव्हा धुक्यात होती. बासष्ट सालचा नोव्हेंबर. तीन आठवड्यांपूर्वी आम्ही दोघं कलकत्त्याहून प्रवासी आणि चहाच्या पेट्या वाहत होतो. हवाई सुंदरी लिमलेटच्या गोळ्या वाटायची आणि माझं सगळ्यात मोठं दुःख म्हणजे गुवाहाटीच्या हॉटेलातला भात. मग लढाई सुरू झाली. लष्कराकडे विमानं कमी पडली आणि सरकारनं आमच्या कंपनीची डाकोटा विमानं वैमानिकांसकट मागून घेतली. आम्हाला ना गणवेश मिळाला ना हुद्दा. छातीवर लावायला एक पत्र्याचा बिल्ला मिळाला. लष्करातली पोरं आम्हाला 'टॅक्सीवाले' म्हणायची. मला राग यायचा. मिरजेचं पाणी आहे, राग लवकर येतो. धुरंधरसाहेब मात्र म्हणायचे, "खरंच आहे. मीटर तेवढा नाही."

ते मुंबईचे, खारला राहणारे, पन्नाशीला आलेले. मी त्यांचा सहवैमानिक. सीमेवरच्या डोंगरांत जी ठाणी होती, तिथं रस्ता नव्हता, त्यामुळे तांदूळ, डाळ, मीठ, काडतुसं, सगळं वरून टाकावं लागे. हवाई छत्र्या काडतुसांनाच पुरत नव्हत्या. तांदूळ तिहेरी पोत्यात शिवायचा आणि विमानाच्या उघड्या दारातून तसाच ढकलून द्यायचा. असं पोतं माणसावर पडलं तर माणूस उरत नाही.

म्हणून साहेबांची एक रीत होती. पहिली फेरी रिकामी. मैदानावरून एक चक्कर मारायची आणि काही टाकायचं नाही. तेवढ्यात खालच्यांनी मैदान सोडून झाडांत जायचं. मग दुसऱ्या फेरीला खाली उतरून, वेग कमी करून पोती टाकायची. त्यांनी हा निरोप पहिल्याच दिवशी बिनतारी यंत्रावरून प्रत्येक ठाण्याला पाठवला होता. इतर वैमानिक पहिल्या फेरीतच माल टाकून मोकळे व्हायचे. मला आमची रीत धोक्याची वाटायची. शत्रूच्या डोंगरांत तीच ती चक्कर कशाला मारायची, असं मी एकदा स्पष्टच विचारलं होतं.

"कोसीच्या पुरात मी अन्न टाकायला गेलो होतो," साहेब म्हणाले होते. "लोक भुकेले होते, विमान बघून धावत आले. माझ्या पहिल्याच पोत्याखाली एक बाई गेली. मी तिला जेवायला घालायला गेलो होतो, सबनीस." त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

धुकं उठायला लागलं तसे मेजर बक्षी तंबूकडे आले. माल कुठं टाकायचा हे तेच ठरवत. रात्र रात्र जागून त्यांचे डोळे लाल झाले होते.

"तोलुंग," ते म्हणाले. "दोन दिवस त्यांचं बिनतारी यंत्र बंद आहे. बॅटऱ्या संपल्या असणार. अन्नही संपलं असणार. आजच माल पडला पाहिजे."

"जातो," साहेब म्हणाले.

"आणि कॅप्टन, ती तुमची रिकामी चक्कर आज नको. पहिल्याच फेरीत टाका आणि या. विमान गमावणं मला परवडणार नाही. ही तुमची प्रवासी सेवा नाही, युद्ध आहे."

साहेबांनी चहाचा मग खाली ठेवला. "दोन दिवस यंत्र बंद आहे म्हणता. खाली आपलीच माणसं आहेत कशावरून?"

"मैदानावर पांढऱ्या कापडाचं ठरलेलं अक्षर दिसलं की आपलीच," मेजर म्हणाले. "हा हुकूम आहे."

खरं सांगतो, मला मेजरांचं पटलं होतं. साहेब काही बोलले नाहीत. त्यांचं न बोलणं म्हणजे होकार नसे, हे मला ठाऊक होतं, मेजरांना नव्हतं.

तंबूबाहेर हवालदार भोइटे उभा होता. दारातून पोती ढकलणाऱ्या टोळीचा तो म्होरक्या. म्हसवडचा गडी, छाती कोठीसारखी. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"सायेब," तो धुरंधरसाहेबांच्या मागं मागं विमानापर्यंत आला. "तोलुंगला माजा भाचा हाय. सिदू. थोरल्या भैनीचा एकलाच. मागल्या खेपेला तांदळाच्या पोत्यात त्याला लाल मफलर धाडलाय म्या."

"ठाऊक आहे, भोइटे. तेव्हा तुम्ही मला विचारलं होतंत."

"दोन दिस पोटात कायबी नसंल पोरांच्या. आज पडू द्या सायेब माल. कसाबी पडू द्या."

साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "चला, बसा आत."

तोलुंगची दरी चिंचोळी होती. दोन्ही बाजूंना डोंगर, मध्ये नदी, आणि नदीच्या वळणावर एवढंसं मैदान. मैदानाच्या कडेला देवदारांची दाट रांग. आम्ही तिथं कितीदा तरी गेलो होतो, पण ठाण्यावरचं एकही तोंड ओळखत नव्हतो. आमच्या ओळखीचं होतं ते रिकामं मैदान. आवाज आला की कुणीतरी पांढऱ्या कापडाचं अक्षर अंथरायचं, ओल्या पाल्याचा धूर करायचं, आणि पहिली फेरी पुरी व्हायच्या आत सगळे झाडांत पसार. मैदानात माणूस म्हणून दिसायचा नाही. तिथला सुभेदार फार शिस्तीचा असावा. साहेब एकदा म्हणालेसुद्धा, "हा मनुष्य मला भेटला पाहिजे. आपण जे सांगितलं ते अक्षर न अक्षर पाळतो."

त्या दिवशी वळण घेतलं आणि धूर दिसला. मला हायसं वाटलं. मग अक्षर दिसलं, तेही बरोबर होतं.

"अक्षर बरोबर आहे, साहेब. धूर आहे. घंटी देऊ?" घंटी दिली की मागे भोइटेची टोळी ढकलायला लागायची. माझं बोट बटणावर होतं.

"नको. चक्कर मारू."

"मेजरांचा हुकूम..."

"मेजर खाली बसलेत. चक्कर."

आम्ही उंचावरूनच मैदानावर आलो. मी खिडकीतून खाली बघितलं. मैदानाच्या मधोमध माणसं उभी होती, आठ-दहा तरी असतील. सगळे हात हलवत होते.

"आहेत!" मी ओरडलो. "साहेब, आहेत सगळे!"

साहेब खाली बघत होते आणि त्यांचा चेहरा उजळला नाही. "मैदानात का आहेत?"

"आनंद झाला असेल."

"आजवर नव्हता झाला?"

मागून दार धाडकन उघडलं. भोइटे आत डोकावला. वाऱ्यानं त्याचे डोळे पाणावले होते, तो हसत होता. "सायेब! सिदू हाय त्यो! लाल मफलर! मधीच हुबा हाय बगा! घंटी द्या सायेब, पोतं दारात आणून ठिवलंय!"

"फेरी रिकामी आहे, भोइटे. पोतं आत घ्या."

"पर आपलीच मान्सं हायत!"

"म्हणूनच," साहेब म्हणाले.

आम्ही दरीच्या टोकाशी वळलो. वळायला तिथं जागा थोडी, पंखाजवळून कातळ सरकला. पहिली फेरी झाली होती. आता ते पळतील, असं मी स्वतःशी म्हणालो. दर वेळी पळतात.

पण आम्ही तेवढ्याच उंचीवरून परत आलो तेव्हा ते तसेच उभे होते. कुणी जागचा हलला नव्हता, फक्त हात हलत होते. लाल मफलर मला आता स्पष्ट दिसला.

"ठरल्याप्रमाणे त्यांनी हलायला हवं होतं," साहेब म्हणाले.

"भुकेनं डोकं चालत नसेल. कडेला टाकू, नदीच्या बाजूला."

"नदीच्या बाजूला टाकलं तर नदीत जाईल. मैदान एवढंच आहे आणि माणसं त्याच्या मधोमध आहेत." त्यांनी पुन्हा वळण घेतलं. "आणखी एकदा."

तिसऱ्या फेरीच्या वेळी मीही घाबरलो होतो. कशाची भीती वाटतेय ते सांगता येत नव्हतं. गोळीचा आवाज नव्हता. देवदार स्तब्ध होते. नेहमी त्या झाडांकडे बघितलं की मला बरं वाटायचं, कारण आपली माणसं तिथं सुखरूप आहेत हे ठाऊक असायचं. त्या दिवशी त्या झाडांकडे मला बघवेना. आणि खाली ती माणसं हात हलवत होती.

"सबनीस," साहेब हळूच म्हणाले, "काहीतरी चुकतंय. काय ते मला कळत नाही. पण मी माणसांच्या डोक्यावर पोती टाकणार नाही." आणि त्यांनी विमानाचं नाक वर उचललं.

भोइटेला ते कळायला वेळ लागला. मैदान मागं गेलं, नदीचं वळण मागं गेलं, तेव्हा तो धडपडत पुढं आला. "फिरवा! सायेब, इमान फिरवा! त्यो माज्याकडं बगून हात करत हुता!"

साहेबांनी मान वळवली नाही. भरलेलं विमान खिंडीवरून काढायचं होतं, ते वजन पेलेल की नाही याचीच खात्री नव्हती.

"भ्यालासा तुमी," भोइटे म्हणाला. "भैनीला काय सांगू आता म्या? पोरगं हाका मारत हुतं आन् आमी तांदूळ घिऊन परत आलो, आसं सांगू?" तो तिथंच खाली बसला आणि एवढा दांडगा गडी लहान पोरासारखा रडायला लागला. मलाही साहेबांचा भयंकर राग आला होता. ते मला गुरूच्या ठिकाणी होते म्हणून मी तोंड मिटून बसलो एवढंच.

खिंड पार झाल्यावर साहेब म्हणाले, "मी चुकलो असेन तर ती माणसं आज माझ्यामुळे उपाशी झोपतील. नसेन चुकलो, तर ते मला कधी कळेल असं वाटत नाही." त्यांच्या कपाळावर घाम होता, आणि टायची गाठ मात्र जागच्या जागी होती.

मेजर बक्षींनी मला एकट्याला बोलावलं.

"धूर होता?"

"होता."

"अक्षर?"

"बरोबर होतं."

"गोळीबार झाला?"

"नाही."

"आपली माणसं दिसली?"

"दिसली."

"मग माल परत का आणला?"

मी सांगितलं, की ती माणसं मैदानातून हलत नव्हती. मेजरांनी नकाशाची घडी घातली. मग थकलेल्या आवाजात म्हणाले, "कॅप्टनना सांगा, सामान बांधा. मला इथे कच खाल्लेली माणसं नकोत." मी खरं तेच सांगितलं होतं, आणि त्यातलं प्रत्येक वाक्य साहेबांच्या विरुद्ध गेलं होतं.

दुसऱ्या विमानाला तोलुंगला पाठवायचं ठरलं, पण दुपारी ढग उतरले ते उतरले. दरी दिसेना. मग सगळी आघाडीच कोसळली, माणसं डोंगर उतरून मिळेल त्या वाटेनं मागं आली, आणि महिना सरायच्या आत लढाई थांबली. तोलुंगचं काय झालं हे विचारायला कुणाला सवड नव्हती. तिथलं कुणी परत आलं नाही.

धुरंधरसाहेब पुन्हा प्रवासी विमानांवर रुजू झाले. गोष्ट त्यांच्या आधी मुंबईला पोचली होती. वैमानिकांच्या खोलीत ते शिरले की कुणीतरी हळूच म्हणायचं, "आली रिकामी फेरी." एकदा मी त्यातल्या एकाची गचांडी धरली. साहेबांनीच मला बाजूला केलं. "सोडा हो. ते तिथं नव्हते," म्हणाले. मी तिथं होतो आणि मलाही ते बरोबर होते की चूक, ते ठाऊक नव्हतं.

पुढच्या वर्षी पावसाळा संपता संपता भोइटे माझ्या दारात उभा राहिला. त्याच्या मागं काठी टेकत एक पोरगेलासा जवान.

"ह्यो सिदू," भोइटे म्हणाला. "कैदेतनं सुटला. तुमच्या सायबांकडं न्या आमाला." त्याच्या चेहऱ्याकडे बघून मी लगेच चपला घातल्या.

खारच्या घरात साहेब सुटीच्या दिवशीचा सदरा घालून बसले होते. सिदूनं काठी भिंतीला लावली आणि ताठ सलाम ठोकला. त्याच्या एका पायाची बोटं बर्फानं गेली होती.

"बसा," साहेब म्हणाले. "त्या दिवशी लाल मफलर तुमचाच?"

"व्हय सायेब."

"मग विचारतो. मैदानातून हलला का नाहीत?"

सिदूनं मामाकडे बघितलं, मग साहेबांकडे. "आदल्या पहाटंच ठाणं गेलं हुतं, सायेब. काडतुसं सपली. आमाला धरलं. सुभेदारांच्या मांडीत गोळी हुती. मग त्यांचा येक दुभाष्या आला, हिंदी बोलनारा. म्हनला, तुमचं इमान येनार हाय. रोज करता तसंच करायचं. कापड टाका, धूर करा. येगळं कायबी केलं तर गोळी घालू. आन् झाडांत त्यांनी दोन मोठ्या तोफा लावल्या, वर तोंड करून. माल टाकाया इमान खाली आलं की उडवायचं, आसा डाव."

"झाडांत," साहेब म्हणाले.

"व्हय. आमी रोज जिथं लपायचो तिथंच. त्यास्नी काय ठावं, आमी लपतो म्हून? त्यास्नी वाटलं, इमान आलं की भुकेली मान्सं मैदानात धावत्यात. कुनालाबी तसंच वाटंल. सुभेदार आमाला मराठीत म्हनले, पोरांनो, आज झाडांकडं जायचं न्हाई. मधोमध हुबं ऱ्हायचं आन् हात हलवायचे. कितीबी फेऱ्या मारू दे, हलायचं न्हाई. वरच्याला कळंल."

आतून साहेबांच्या पत्नी चहा घेऊन आल्या आणि आमची तोंडं बघून ट्रे ठेवून निघून गेल्या.

"आणि मी पोती टाकली असती तर?" साहेबांनी विचारलं.

"म्या बी तेच इचारलं, सायेब. मला भ्या वाटत हुतं. वर त्वांड करून हुबं ऱ्हायचं म्हंजे..." सिदू थांबला. "सुभेदार म्हनले, वरच्या मान्सानं आजवर आपल्या डोक्यावर कवा टाकलंय का? त्यो आधी बगतो. हुबा ऱ्हा."

भोइटेनं तोंडावर हात घेतला होता. त्या पहिल्या फेरीला पोतं दारात होतं आणि ते त्यानंच आणून ठेवलं होतं. माझं बोट घंटीवर होतं. आणि मेजरांचा हुकूम तर आम्ही तिघांनीही ऐकला होता.

"सिदू," भोइटे कसाबसा म्हणाला, "त्या दिशी सकाळी आमाला हुकूम... आन् म्या तर..."

"भोइटे," साहेब म्हणाले, "चहा घ्या. निवतोय."

भोइटेनं साहेबांकडे बघितलं. मग कप उचलला. सिदू एकदा मामाकडे, एकदा साहेबांकडे बघत राहिला. त्याला त्यातलं काही कळलं नाही. ते त्याला आयुष्यात कधी कळलं नाही.

"सुभेदार आता कुठे आहेत?" साहेबांनी विचारलं.

"खिंडीतच गेले, सायेब. आमाला पलीकडं चालवत नेलं तवा. मांडी सडली हुती. इमान गेल्यावर मातुर हासले हुते. म्हनले, गेला बग. शाना हाय."

साहेब खिडकीबाहेर बघत होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षात नव्हतं.

"नाव काय त्यांचं? मी कधी विचारलंच नाही."

"सुभेदार ज्योतिबा जगदाळे. गाव पुसेगाव."

"घरी कोण असतं?"

"बायको. दोन पोरी."

"त्यांना हे सांगितलं कुणी?"

"बेपत्ता म्हून तार गेलीया नुस्ती," भोइटे म्हणाला. "म्होरलं कोन सांगनार, सायेब?"

साहेब उठले आणि आत गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं ते बाहेर आले ते धुतलेला पांढरा शर्ट घालून, गळ्याशी टायची गाठ नीट करत.

"साताऱ्याची गाडी किती वाजता आहे, सबनीस?" त्यांनी विचारलं.

टाय कशाला, असं या वेळी मी विचारलं नाही. मी सिदूची काठी त्याच्या हातात दिली आणि आम्ही चौघं निघालो.